‘ब’च्या पुढचं अक्षर

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
मंगळवार, ता. १४ फेब्रुवारी १९७८

चिरंजीव तम्मा वीरभद्रप्पा यास थोरला भाऊ चनबसप्पाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट जाड बघून घाबरू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत. अव्वाची तब्येत बरी आहे, तिचं पुढे सविस्तर लिहितो.

तिकडे सगळे कसे आहेत? दाक्षायणीचा दमा थंडीत वाढला होता असं चंद्रव्वा सांगत होती. आता ऊन तापायला लागलं, कमी झाला असेल. थोरलीचे दिवस भरत आले ना? तिला पहिलटकरणीची भीती असणार, एकटीला झोपू देऊ नका. धाकट्याचा खोकला गेला का? तुझ्या सासूबाईंना डोळ्याचं ऑपरेशन मानवलं का? म्हैस व्याली हेही चंद्रव्वानेच सांगितलं. आपली बहीण बाजाराला मंद्रूपला जाते म्हणून तुमच्या घरची खबर मला कळते, नाहीतर पंचवीस किलोमीटरवरचं गाव मला परदेशासारखं झालंय. पिठाच्या गिरणीचा पट्टा सारखा तुटतो म्हणे. चाकं एका रेषेत आहेत का ते दोरी लावून बघ, पट्ट्यात दोष नसेल.

दर दसऱ्याला मी पाकिटात आपट्याची पानं घालून ‘सुखी असा’ एवढं लिहून पाठवतो. तू उत्तर देत नाहीस, आणि मीही कधी उत्तर दे असं लिहिलं नाही. आज मागणार आहे. पण त्याआधी परवाच्या रविवारचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

होटगी रोडवरचं आपलं विमानतळ तुला ठाऊक आहे. वर्षातून चार विमानं उतरली तर उतरली, एरवी तिथे गवत आणि मेंढरं. तिथे रविवारी मोटारींच्या शर्यती झाल्या. पुण्या-मुंबईकडचा एक क्लब आहे, त्यांनी एक दिवसापुरती धावपट्टी मागून घेतली. शर्यत म्हणजे एकदम सगळे सुटतात तशी नव्हे. एकेका गाडीने जायचं, टोकाला तेलाची पिंपं ठेवलीत त्यांना वळसा घालून परत यायचं, साहेब घड्याळ लावून बसलेले. प्रत्येकाला तीन फेऱ्या. ज्याची वेळ कमी त्याला कप.

माझा संबंध असा, की नातेपुत्याचे हिंदुराव म्हणून एक बागाईतदार आहेत, त्यांच्याकडे विलायती गाडी आहे. लाल, दोन माणसांची, डोक्यावर टप नाही. शनिवारी ती आपल्या गॅरेजला आणली. दोन कार्बोरेटर, दोघांचा एकमेकांशी मेळ नाही, एक फुसफुसतोय आणि एक खोकतोय. मी रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाला आणि दुसरं कानाला लावून दोन्हीचा श्वास ऐकला आणि तासाभरात सारखा करून दिला. हिंदुराव खूष. म्हणाले, “मामा, दोघांचं लगीनच लावलं की तुमी! उद्या मैदानात याच. दुसरा डायवर म्हणून तुमचं नाव टाकतो, कागदावर लागतंय कुणाचंतरी.”

कागदापुरतंच होतं ते. पण रविवारी सकाळी बॉनेट बंद करताना हिंदुरावांची उजव्या हाताची तीन बोटं सापडली. सुजून भेंड्या झाल्या. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. “आता तुमीच. मी बाजूला बसतो आन् सांगतो. पर मामा, ईस वरसं ट्रक हाकलाय न्हवं? मग ही काय, खेळणं हाय.”

मी नको म्हणायला पाहिजे होतं. का, ते पुढे येईल. मी नको म्हटलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी अशी गाडी समोर उभी आहे, दार उघडलंय, आणि कुणी बस म्हणतंय. मी टोपी खिशात घातली आणि बसलो.

तम्मा, बसायचं म्हणजे काय, जमिनीलाच बूड टेकतं. पाय लांब सोडायचे, आरामखुर्चीत सोडतात तसे. डोक्याला त्यांनी पातेल्यासारखं हेल्मेट दिलं, कान उघडेच. धोतर गुंडाळून मांडीखाली दाबलं. दोरीपलीकडे माणसं जमली होती, त्यातला एक ओरडला, “ओ मामा, मंद्रूपची यष्टी हाय काय ही? दोन हाफ द्या की!” सगळे हसले. मीही हसलो, पण मंद्रूप म्हटल्यावर हेल्मेटचा पट्टा उगीच पुन्हा आवळला. तुझी आठवण अशी कुठूनही येते.

क्लबाच्या साहेबाने आधी सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. हिरवा झेंडा दिसला की सुटायचं. पिवळा दिसला की हळू. लाल दिसला की जिथे असाल तिथे थांबायचं. मग म्हणाला, “इथं तोंडानं कुणी काही सांगत नाही, आणि सांगितलं तरी ऐकायचं नाही. इंजिनाच्या आवाजात कानावर भरवसा ठेवला की माणूस मरतो. झेंडा तेवढा खरा.” बाकीचे माना डोलवत होते. मी मात्र त्याच्याकडे बघतच राहिलो.

पहिली फेरी छान झाली. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. काटा ऐंशी मैलांवर गेला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, वाऱ्याने म्हणा नाहीतर कशाने. हिंदुराव माझ्या डाव्या हाताला बसून काहीतरी ओरडत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी मान हलवत होतो, आणि गाडीचा आवाज बुडातून, स्टेअरिंगमधून समजत होता तसा गिअर टाकत होतो. एक मिनिट एकेचाळीस सेकंद. माणसांनी टाळ्या वाजवल्या. हिंदुराव म्हणाले, “पिंपाच्या अलीकडं लई लवकर दाबता तुमी. पुढच्या खेपेला मी ‘सोडा’ म्हणतोय तवर ब्रेकला हात न्हाय, आपलं, पाय न्हाय लावायचा. बिनधास सोडायची.”

मी बरं म्हटलं.

दुसरी फेरी दुपारी बारानंतर. तापायला लागलं होतं, धावपट्टीवर पाण्यासारखं चकचकत होतं. हिरवा झेंडा पडला, मी सोडली. दुसरा, तिसरा, चौथा. नजर समोरच्या पिंपावर. हिंदुराव माझ्या डावीकडे ओरडायला लागले. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचं तोंड हलताना पाहिलं. तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. मी समजलो, ‘सोडा, सोडा’ म्हणतायत. मी आणखी दाबलं.

मग लाल दिसलं. पिंपाजवळचा माणूस झेंडा दोन्ही हातांनी गरागरा फिरवत होता. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडीने मागचं अंग सोडलं, एक पूर्ण गिरकी घेतली, आकाश, गवत, माणसं, परत आकाश, आणि रबराच्या धुरात आडवी उभी राहिली. धूर उडाला तेव्हा समोर दहा-बारा हातांवर एक मेंढपाळ, दोन्ही हात पसरून, डोळे गच्च मिटून उभा. त्याच्यामागे वीस-पंचवीस मेंढरं. डावीकडच्या गवतातून आली होती. हिंदुरावांनी बसल्या जागेवरून बघितली होती. ते ‘नको, नको’ ओरडत होते.

कुणाला खरचटलंही नाही. सिद्धरामेश्वराची कृपा. त्या मेंढपाळाचं नाव धुळा. त्याने डोळे उघडले आणि आधी मेंढरं मोजल्यासारखी हाताने चाचपली. मग मला म्हणाला, “मेंढरांस्नी झेंडा कळत न्हाय, मामा. माझ्या बापापासनं हितं चरत्यात. हितं इमान येत न्हाय, बिमान येत न्हाय, तुमी कुटनं आला?”

हिंदुराव गाडीतून उतरले. रंग उडालेला. “मी नको नको म्हणून बोंबलतोय, आन् तुमी आनखीच दाबताय? ऐकू येत न्हाय व्हय तुमास्नी?”

आता नीट वाच, तम्मा. माझ्या तोंडात शब्द आले होते. आपोआप आले. ‘तुमीच सोडा म्हणालात.’ जिभेच्या टोकावर होते. त्यांची चव मला ओळखीची होती.

तेवढ्यात क्लबाचा साहेब जीप घेऊन आला. भला माणूस. हिंदुरावांना म्हणाला, “जाऊ द्या. उघड्या गाडीत, एवढ्या वाऱ्यात कुणालाच ऐकू येत नाही. यांचा दोष नाही. झेंडा बघून थांबले, बस्स झालं.”

बघ, सुटायला दोन-दोन दारं उघडी होती. एक माझ्या जिभेवर, एक साहेबाने उघडून दिलेलं. मी म्हणालो, “वाऱ्यामुळं न्हाय, सायेब. माझा डावा कान मेलाय. एकोणीस वर्सं झाली.”

एकोणीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा माणसासमोर बोललो. साहेबाने हात पुढे केला. मी किल्ली दिली. तिसरी फेरी मिळाली नाही, मिळू नयेच. गाडी ढकलत नेली.

मग मी आणि हिंदुराव कुंपणाजवळच्या बाभळीखाली बसलो. ते बोटांवर ओलं फडकं गुंडाळत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. परक्याला सांगणं सोपं गेलं. आता तुला सांगतो. तुला त्यातलं अर्धं माहीत आहे, तुझ्या पायाला माहीत आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे.

एकोणसाठ साली आपल्या ट्रकच्या टायरात हवा भरताना रिंग उडाली, आठवतं? माझ्या कानाशी बंदूक उडाल्यासारखं झालं. तू धावत आलास, मी म्हणालो, काही नाही झालं. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. तिसऱ्या दिवशी शिट्टी थांबली आणि त्याबरोबर सगळंच थांबलं. मी कुणाला सांगितलं नाही. पंगतीत मी डाव्या टोकाला बसायला लागलो, घरात भिंतीला डावा खांदा लावून. अव्वा म्हणायची, चन्नाला भिंत लागते. तुम्ही सगळे हसायचात.

का सांगितलं नाही? लायसन जाईल ही भीती होतीच. पण खरी भीती ती नव्हे. अप्पांनी स्टेअरिंग तुझ्या हातात दिलं असतं. तू माझ्यापेक्षा चांगला चालवायचास, अप्पा ते बोलून दाखवायचे, आणि मला ते सहन होत नव्हतं. हे लिहिताना हात थांबतोय. पण लिहून ठेवतो.

एकसष्ट सालचा वडकबाळचा चढ. सीनेपलीकडचा. शंभर पोती ज्वारी भरलेली, हँडब्रेक ढिला. मी पायाने ब्रेक धरून बसलेला, तू डाव्या मागच्या चाकामागे दगड लावायला उतरलेला. हिंदुरावांना कानडी येत नाही, म्हणून त्यांना समजावून सांगावं लागलं, की आमच्या अप्पांची गाडीवरची भाषा कानडी. घरात, बाजारात मराठी चालेल, पण गाडीला हात लावला की कानडी. ‘बिड’ म्हणजे सोड. ‘ब्याड’ म्हणजे नको. हिंदुराव म्हणाले, “एवढ्या सारख्या शब्दांवर गाडी हाकत होता व्हय तुमी?” मी म्हटलं, दोन कान असलेल्याला ते सारखे नाहीत.

तू ओरडलास. मला डावीकडून ‘ब’ ऐकू आला. नुसता ‘ब’, आणि मागे इंजिनाची घरघर. अडतबाजार बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. पुढचं अक्षर मी माझ्या मनाने भरलं. मला जे हवं होतं ते भरलं. ब्रेक सोडला.

तुझा पाय दगडाजवळ होता.

दवाखान्यात तू शुद्धीवर आल्यावर म्हणालास, मी ब्याड म्हणालो होतो. मी म्हणालो, तो बिड म्हणाला. अप्पांनी मला विचारलं, नक्की? मी गळ्यातलं लिंग हातात धरून सांगितलं, बिड म्हणाला. लिंग हातात धरलं म्हटल्यावर पुढे कोण विचारतंय? सगळे म्हणाले, पोराला वेदनेत आठवत नाही. आई असून अव्वाही म्हणाली. अप्पा त्याच समजुतीत गेले. आणि तू कुबडी घेऊन, कुणाशी न बोलता, दाक्षायणीच्या माहेरी मंद्रूपला निघून गेलास. सतरा वर्षं तुझ्याच चुकीने तुझा पाय निकामी झाला असं या घरात बोललं जातं. मी ते ऐकतो. ते बोलणं नेमकं उजवीकडून येतं.

तू ब्याड म्हणाला होतास. मी ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

हिंदुरावांनी बोटांवरचं फडकं सोडून पिळलं. मग एवढंच म्हणाले, “मामा, आज मेंढरं वाचली. पर तुमी त्यांच्यासाठी न्हाय थांबला.” खरं आहे, मेंढरं मला दिसलीच नव्हती; सतरा वर्षांपूर्वी जो ब्रेक धरून ठेवायचा होता तो मी रविवारी दाबला.

काल सकाळी अव्वा ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मी तिच्यासमोर बसलो, उजवा कान तिच्याकडे करून, आणि सगळं सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच. तिचं सूप थांबलं नाही. मी संपवलं तरी ती पाखडतच होती. मग सूप खाली ठेवून म्हणाली, “अवनिगे हेळु.” त्याला सांग. बस. कालपासून माझ्या हातचं पाणी घेत नाही. बायकोच्या हातचं घेते. आज सकाळी म्हणाली, “मला मंद्रूपला नेऊन सोड. यष्टीनं ने. तुझ्या हातच्या गाडीत मी बसणार न्हाय.”

बसूच नये कुणी. लायसन काल ट्रंकेत तळाशी ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली बायकोच्या कमरेला. गॅरेजात आलेली गाडी आता दुसरा माणूस चालवून बघेल, मी नळी लावून ऐकीन. एका कानाचं काम तेवढंच.

अव्वा तुझ्याकडे येणारच. तिला मी अडवणार नाही, अडवायचं तोंड नाही. प्रश्न माझा आहे. तिच्याबरोबर मी यावं का? आलो तर शिवरात्रीच्या आधी येईन, आणि बाजाराच्या दिवशी, तुझ्या गिरणीसमोर, चार माणसं दळण घेऊन उभी असतील तेव्हा, तेच लिंग हातात धरून जे खरं ते बोलेन. चंद्रव्वाही असेल. सोलापूरला घरी अप्पांच्या फोटोपुढेही बोलेन, ते तू नसलास तरी बोलेन. पण तुझ्या दारात तुझ्या शब्दाशिवाय पाय ठेवणार नाही.

म्हणून तुझ्याकडे एकच शब्द मागतो. ‘ब्याड’ लिहिलंस तर अव्वाला चंद्रव्वाबरोबर पाठवीन आणि मी वडकबाळच्या पुढे येणार नाही, आणि तुला वाईट म्हणणार नाही. ‘बिड’ लिहिलंस तर पहिल्या यष्टीने येईन. बिडचा अर्थ सोडून दे असाही होतो, पण तो मी मागत नाही. तो तुझ्याकडे असला तर असू दे, नसला तर नसू दे. पण जे लिहिशील ते पुरं लिही, तम्मा. ‘ब’च्या पुढचं अक्षर ठळक काढ. या खेपेला मी माझ्या मनाने काही भरणार नाही.

पत्राच्या सुरुवातीला मी सगळ्यांची विचारपूस केली. म्हशीचीसुद्धा केली. तुझी केली नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. दर वेळी लेखणी तिथे येते आणि वळसा घालून पुढे जाते. सतरा वर्षांत मी हे विचारलं नाही, चंद्रव्वालाही नाही.

तुझा पाय कसा आहे?

उत्तर लवकर लिही.

तुझा अण्णा, अजून म्हणू देत असशील तर,
चनबसप्पा